फासे, पेन्सिल आणि हरिपूरचं पेव: भूमिकाखेळांची आणि युद्धखेळांची पुस्तकं कशी वाचावीत, कशी खेळावीत

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, तेव्हा नटांच्या हाती संवादांची संहिता नव्हती. सूत्रधार पदं म्हणायचा, कथा पुढे न्यायचा आणि नट आपापल्या पात्राला शोभेल असं भाषण जागच्या जागी करायचे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन पातळ पुस्तिकांच्या खोक्यात बाजारात आला. त्या खोक्यात काय होतं, हे सांगलीत कुणाला सांगायचं झालं तर मी भाव्यांपासून सुरुवात करतो. एक सूत्रधार असतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, संवाद कुणी लिहून दिलेले नसतात. जमेल की नाही अशी शंकेची जागा आली की फासा टाकतात आणि फासा म्हणेल ते सगळे मानतात.

अशा भूमिकाखेळांची पुस्तकं आज ढिगानं मिळतात आणि आपल्याकडची पोरं ती उतरवूनही घेतात. फोनमध्ये दोनशे पीडीएफ आणि एकही डाव खेळलेला नाही, अशी अवस्था मी अनेकांची पाहिली. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही पुस्तकं कादंबरीसारखी वाचून संपवायची नसतात. पंचांग जसं उघडून, बोट ठेवून, हिशेब मांडून वापरतात तशी ती मांडायची असतात. एक पुस्तक नीट मांडलं तर वर्षभर पुरतं. ते कसं मांडायचं, हे आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या शनिवारच्या बैठकीत जे जमलं त्यावरून सांगतो.

आधी पुस्तकांच्या जाती

भूमिकाखेळाचं मूळ नियमपुस्तक म्हणजे घराचा पाया. पात्र कसं बनवायचं, फासा केव्हा टाकायचा, मार लागला तर काय, हे सगळं त्यात. त्यावर पुरवण्या येतात. राक्षस आणि प्राण्यांचा कोश, एखाद्या कल्पित प्रदेशाचं वर्णन, आणि तयार साहस, म्हणजे एका किंवा अनेक बैठकींत खेळायची रचलेली गोष्ट. युद्धखेळात, म्हणजे दोन्हीकडे फौजा मांडून लढाई खेळण्यात, नियमपुस्तकासोबत सैन्याच्या याद्या आणि प्रसंगांच्या पुस्तिका असतात. प्रसंग म्हणजे अमुक लढाई, अमुक नकाशा, दोन्हीकडची अमुक पथकं आणि जिंकायची अट.

पुरवणी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका भरली की पुरवणी मागतात. इथेही तोच क्रम ठेवावा.

पहिलं पुस्तक बारीक घ्या

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तकच तीनशेच्या वर पानांचं आहे, आणि सूत्रधाराचं व राक्षसांचं वेगळं. ती देखणी पुस्तकं आहेत, पण पहिल्या दिवशी नकोत. त्या खेळाची चव घ्यायची असेल तर त्याच्या मूलभूत नियमांचा दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे मूळ नाव देऊन कुणालाही वापरता-वाटता येईल असा, खुला झाला आहे. तो फुकट आणि कायदेशीर उतरवता येतो.

मी नवख्यांना ‘केर्न’ देतो. योचाय गॅल यांचा हा खेळ. पहिल्या आवृत्तीचे नियम एका पातळ वहीत मावतात आणि मजकूर खुल्या परवान्याचा आहे. पात्राला तीनच गुण असतात. आमच्या टेबलावर आम्ही त्यांना ताकद, चपळाई आणि जिगर म्हणतो. सामान ठेवायला दहा जागा. दहाही भरल्या तर माणूस इतका लादला जातो, की त्याचा बचावाचा आकडा शून्यावर येतो. या एका नियमानं मशाल घ्यायची की दोर, यावर पंधरा मिनिटं वाद रंगतो.

ज्याला जरा जुन्या वळणाचा, राक्षस-तळघर-खजिना असा भरघोस खेळ हवा त्यानं ‘बेसिक फँटसी’ पाहावा. तोही फुकट आहे आणि त्याच्यासाठी फुकट साहसंही भरपूर आहेत. एकट्यानं खेळायचं असेल तर ‘आयर्नस्वॉर्न’. त्याच्याकडे पुढे येतो.

छापा, शिवा, जपा

पडद्यावर नियमपुस्तक वाचता येतं, मांडता येत नाही. समास लागतो, बोट घालून ठेवायला दुसरं पान लागतं. म्हणून छापून घ्या. फुकट दिलेलं किंवा स्वतः विकत घेतलेलं असेल तेच, आणि स्वतःपुरतंच. कुणाच्या कष्टाची पीडीएफ फुकट फिरवू नका. हे खेळ लिहिणारे बहुतेक जण एकेकटे, छोट्या कमाईवर जगणारे लोक असतात.

छापताना पीडीएफ वाचकातला बुकलेट हा पर्याय निवडा. ए-फोर कागदाच्या एका बाजूला दोन पानं येतात, मधोमध दुमडलं की वही होते. पानांची संख्या चारच्या पटीत हवी. नसेल तर शेवटी कोरी पानं येतील, ती टिपणांना उपयोगी पडतात. चोवीस पानांना सहा कागद लागतात. झेरॉक्सच्या दुकानात लांब हाताचा स्टेपलर नसतो बहुधा. मग घडीवर दाभणानं तीन भोकं पाडायची आणि जाड दोऱ्यानं शिवायचं: मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, परत मधल्यातून बाहेर आणि गाठ. अशी वही टेबलावर सपाट उघडी राहते. स्पायरल बाइंडिंग जाड पुस्तकाला बरं.

सांगलीकरांसाठी आणखी एक. आपल्याकडे पाणी येतं. २००५, २०१९, २०२१ ही वर्षं कुणाला सांगायला नकोत. २०१९ मध्ये माझा एक खोका पलंगाखाली राहिला. त्यातलं गुळगुळीत रंगीत कागदाचं महागडं पुस्तक वाळल्यावर विटेसारखं घट्ट झालं, एकही पान सुटलं नाही. त्याच खोक्यातल्या साध्या झेरॉक्सच्या वह्या वाळून आजही वापरात आहेत. चकचकीत कागदावरचा लेप ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात, आणि तसंच वाळू दिलं तर कायमची. असं पुस्तक भिजलं तर ओलं असतानाच, हलक्या हातानं, पानांच्या मध्ये टिपकागद किंवा छपाई नसलेला कोरा कागद घाला, पुस्तक उभं ठेवा, पंखा लावा, उन्हात टाकू नका. जून आला की चांगली पुस्तकं माळ्यावर चढवा. पावसाळ्यात कपाटात दाटी करू नका, आणि कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा सुकलेला पाला ठेवा.

पहिलं वाचन

पहिल्या पानापासून सुरू करू नका. जवळजवळ प्रत्येक नियमपुस्तकात खेळाचा एक नमुना दिलेला असतो, सूत्रधार आणि खेळाडू काय बोलतात याचा. तो आधी वाचा. मग थेट पात्राचं पत्रक काढा. पुस्तकाला जे महत्त्वाचं वाटतं ते सगळं त्या एका पानावर असतं. पत्रकात हत्यारांसाठी अर्धं पान आणि स्वभावासाठी एक ओळ असेल तर तो खेळ मारामारीचा आहे, मग प्रस्तावनेत काहीही लिहिलेलं असो. तिसरं, फासा टाकण्याचा मुख्य नियम. मंत्रांची यादी, सामानाच्या किमती, देवदेवता हे आत्ता सोडून द्या. लागेल तेव्हा शोधायचं.

मग लगेच एक पात्र बनवा. हातानं, पेन्सिलीनं. केर्नमध्ये प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज घेतात. तीन फाशांच्या २१६ शक्यता असतात. त्यातल्या ५४ मध्ये बेरीज १० किंवा ११ येते आणि १८ फक्त एकदाच. म्हणजे बहुतेक माणसं मध्यम निघणार, भीम क्वचित. समजा तुमची ताकद ८, चपळाई १३, जिगर ११ आली. आता कसोटी: वीस बाजूंच्या फाशावर गुणाइतकं किंवा कमी आलं तर जमलं. ढासळत्या भिंतीवरून उडी मारायची तर चपळाई १३, वीसपैकी तेरा आकडे तुमचे, म्हणजे ६५ टक्के. दगड ढकलायचा तर ताकद ८, फक्त ४० टक्के. हा हिशेब एकदा केला की पुस्तक बोलायला लागतं. हा गडी धावेल, भिडणार नाही. पात्राचा स्वभाव आकड्यांतून उमलतो तो क्षण मला अजूनही आवडतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये उलटं असतं. फाशात आपली भर मिळवून ठरलेला आकडा गाठायचा. भर ५, आकडा १५ असेल तर फाशावर १० किंवा वर हवं, ५५ टक्के. कुठलंही नवं पुस्तक हाती आलं की असा एक हिशेब समासात करून ठेवा.

माझ्या समासातल्या खुणा तीनच आहेत. टेबलावर सतत लागणाऱ्या नियमाला उभी रेघ, न समजलेल्याला गोल, आणि आम्ही बदललेल्याला काट. तीन बैठकींनंतर गोल राहिलेले नियम बहुधा लागतच नाहीत. शेवटी उभ्या रेघांचे नियम एका पोस्टकार्डावर मराठीत उतरवा. पोस्टकार्डावर मावलं नाही, तर अजून नीट समजलेलं नाही असं समजा.

फासे

चार, आठ, दहा, बारा, वीस बाजूंचे फासे आता ऑनलाइन सहज मिळतात. पण त्यासाठी थांबू नका. घरात हाउजीचा संच असतोच. १ ते २० च्या सोंगट्या पिशवीत टाका, एक काढा, आकडा वाचा, परत टाका. परत टाकणं विसरू नका, नाहीतर हिशेब बिघडतो. आठाचा फासा हवा तर १ ते ८ ठेवा. कवड्या मात्र इथे चालत नाहीत. सहा कवड्यांत मधले आकडे जास्त वेळा पडतात, टोकाचे क्वचित, शिवाय प्रत्येक कवडीचा कल वेगळा. दोन फाशांच्या बेरजेचंही तसंच: ३६ पैकी सहा वेळा ७, आणि २ किंवा १२ एकेकदाच. एकच फासा टाकणाऱ्या खेळात धक्के जास्त बसतात, दोन-तीन फाशांच्या खेळात गोष्टी सरासरीकडे झुकतात. खेळ निवडताना हे पाहावं.

एकट्यानं एक संध्याकाळ

सोबती मिळेपर्यंत पुस्तक बंद ठेवायचं कारण नाही. शॉन टॉमकिन यांचं ‘आयर्नस्वॉर्न’ एकट्यानं खेळता येतं आणि त्याची पीडीएफ फुकट आहे. सहाचा एक फासा टाकायचा, त्यात आपला गुण मिळवायचा. समोर दहाचे दोन फासे. दोन्हींपेक्षा आपला आकडा मोठा असेल तर काम फत्ते, एकापेक्षा मोठा असेल तर काम झालं पण किंमत मोजून, एकाहीपेक्षा मोठा नसेल तर संकट. पुढे काय घडतं हे सुचेना तर शंभर आकड्यांच्या कोष्टकांना प्रश्न विचारायचा. दहाचे दोन फासे, एक दशकाचा आणि एक एककाचा.

वही शेजारी ठेवा आणि प्रत्येक फाशानंतर दोन ओळी लिहा. महिन्याभरात एक दीर्घकथा तयार होते. ज्यांना सूत्रधार व्हायचंय त्यांनी हा अभ्यास जरूर करावा. फाशाच्या उत्तरातून प्रसंग कसा काढायचा याचा हात बसतो.

पुरवणी आपल्या मातीत लावणे

इथं मला थोडं थांबायचंय, कारण या छंदातला सगळ्यात मोठा आनंद इथं आहे.

तयार साहस तीनदा वाचावं. पहिल्यांदा गोष्ट म्हणून. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन: यात कोण आहे, त्याला काय हवंय, ते मिळालं नाही तर तो काय करेल. तिसऱ्यांदा नकाशावर बोट ठेवून, की दारातून आत गेल्यावर काय दिसेल, काय ऐकू येईल, कशाचा वास येईल. त्यानंतर विचारायचं, की हे आपल्याकडे कुठं घडेल?

एका फुकट साहसात जमिनीखालचं जुनं थडगं होतं. बर्फाळ टेकडी, ओक वृक्ष, पडकं चर्च. हे मी तसंच वाचून दाखवलं असतं तर खेळणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एखादा परदेशी सिनेमा आला असता, जागा आली नसती. मी ते हरिपूरला आणलं. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि जमिनीखाली हळदीची पेवं. ज्यांनी पेव पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: अरुंद तोंडाचा, आत रुंद होत जाणारा, घड्यासारखा खोल खड्डा. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की आतली हवा कोंडते, कीड लागत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं निकामी झाली. रिकामं, विसरलेलं, बुजलेल्या तोंडाचं पेव, आणि त्याच्या तळाशी भिंत फुटून पुढे जाणारी वाट. त्या इंग्रजी पुस्तिकेतल्या सहाही खोल्या मी तशाच ठेवल्या. फक्त त्यांचं तोंड हरिपुरात उघडलं.

त्या दिवशी आत्या पहिल्यांदा खेळायला बसली होती. तिचं बालपण हरिपूरचं. तिचा आणि माझा संवाद जवळजवळ असा झाला:

“आत्या, दगड बाजूला सरकलाय. खाली काळोख. दोर आहे तुझ्याकडे. काय करतेस?”

“उतरायचं नाही.”

“घाबरलीस?”

“घाबरायचं काय त्यात? बंद पेवात कुणी असं उतरतं का? आधी तोंड उघडं टाकायचं, मग कंदील सोडायचा. विझला तर माणूसही विझंल.”

“बरं. कंदील सोडलास. मध्यावर गेला आणि ज्योत बारीक झाली.”

“वर घे त्याला. आज नाही. उद्या सकाळी येऊ.”

पुस्तिकेत कोंडलेल्या हवेचा नियम नव्हता. आम्ही तिथेच केला: उघडून रात्रभर ठेवलं तर धोका नाही, तसंच उतरलं तर ताकदीची कसोटी, चुकली तर शुद्ध जाते. आणि रात्रभर पेव उघडं ठेवायचं म्हणजे दुसरं कुणीतरी येऊन पाहणारच. तिथून पुढची सगळी गोष्ट निघाली. आत्याला इंग्रजीतला एक नियम माहीत नव्हता आणि टेबलावर सगळ्यात जास्त माहिती तिलाच होती.

पुरवणी लावताना नावं बदलणं पुरेसं नसतं. प्रदेशाचा स्वभाव बदलावा लागतो. बर्फाच्या वादळाऐवजी चढत जाणारं पाणी घ्या: दर अर्ध्या तासाला एक फासा, सहा आला की घाटाची एक पायरी बुडाली. जंगल हवं तर दंडोबाचा डोंगर आहे, नदीतलं बेट हवं तर बहे आहे. राक्षसकोशातून एका साहसाला तीनच प्राणी निवडा. आकडे पुस्तकातले ठेवा, रूप आपलं द्या. मोठ्या कोळ्याच्या आकड्यांवर माझी विहिरीतली हडळ गेली दोन वर्षं मजेत जगते आहे.

खेळाची संध्याकाळ

चार खेळाडू, एक सूत्रधार, तीन तास. याहून जास्त माणसं पहिल्यांदा नकोत. सुरू करण्याआधी एकदा विचारा, की गोष्टीत काय नको आहे. लहान मुलाला इजा, साप, पुरात कुणाचं वाहून जाणं. आपल्याकडे पुराच्या आठवणी ताज्या असलेली माणसं टेबलाशी असू शकतात. जे नको म्हटलं ते नको, कारण विचारायचं नाही.

नियमाबद्दल वाद झाला तर सूत्रधारानं पटकन निकाल द्यावा, पोस्टकार्डावर टीप करावी आणि पुस्तक बैठक संपल्यावर उघडावं. मधेच दहा मिनिटं पानं चाळली की रंगलेला प्रसंग बसतो. खाणं म्हणजे भडंग असणारच. ते वाटीत आणि चमच्यानं. तेलकट बोटांचे डाग पुस्तकावरून जात नाहीत.

युद्धखेळ: दिवाळीच्या किल्ल्यापासून

दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडलेले असतील तर तुम्ही या छंदाच्या उंबऱ्यावर आधीच उभे आहात. एच. जी. वेल्स यांचं १९१३ सालचं ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचं पुस्तक आता कॉपीराइटमधून मुक्त आहे, फुकट मिळतं. त्यातले नियम सोपे: पायदळाचा शिपाई एका खेपेला एक फूट चालतो, घोडेस्वार दोन फूट. तोफ चालवायची तर तिच्यापासून सहा इंचांच्या आत आपली किमान चार माणसं हवीत. वेल्स स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफा वापरायचे. आम्ही रबरबँडनं कागदाची गोळी मारतो. बाजारातले मावळे, अंगण, एक टेप. भाऊबीजेच्या दुपारी मुलांबरोबर हा डाव जरूर मांडा.

युद्धखेळाचं खरं घर जुन्या जर्मनीतल्या प्रशियात. राइसविट्झ पिता-पुत्रांचा ‘क्रीगस्पील’: वडिलांचा १८१२ चा, मुलाचा सुधारलेला १८२४ चा. मुलाच्या खेळात १:८००० मापाचा नकाशा, दोन मिनिटांची एक खेप, आणि दोन्ही बाजूंच्या मधे एक पंच. पुढं १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्यानं सुचवलं, की कोष्टकांपेक्षा पंचाच्या अनुभवानं निकाल द्यावा. आपल्या सूत्रधाराचा हा दुसरा पूर्वज.

युद्धखेळाचं पुस्तक वाचताना पहिलं पान शोधायचं ते खेपेच्या क्रमाचं: आधी चाल, मग मारा, मग धीर, की उलटं. तो क्रम मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर ठेवा. दुसरं, लढाईच्या निकालाचं कोष्टक. जुन्या वळणाच्या, जाड कागदाच्या चौकटी (एक चौकट म्हणजे एक तुकडी, तिच्यावर तिच्या बळाचा आकडा) सरकवण्याच्या खेळांत बळाचं प्रमाण काढतात: हल्ला करणाऱ्यांचं बळ ७, सांभाळणाऱ्यांचं २, तर साडेतीनास एक. अपूर्णांक सांभाळणाऱ्याच्या बाजूनं सोडायचा, म्हणजे तीनास एक, त्या रकान्यात फासा. आणखी २ बळाची तुकडी आणली तर साडेचारास एक, म्हणजे चारास एक. पण १ बळाचीच आणली तर नेमकं चारास एक, तेवढ्यानंही काम भागतं. वरचं १ बळ त्या हल्ल्यात वाया. अशी काटकसर कळली की खेळ डोक्यात बसतो.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, धीराचा नियम. ज्या पुस्तकात फौजा शेवटचा माणूस पडेपर्यंत लढतात ते मी परत ठेवतो. ‘बेसिक फँटसी’मध्येसुद्धा राक्षसांना धीराचा आकडा आहे. दोन फाशांची बेरीज त्याहून जास्त आली की ते पळ काढतात.

हे का महत्त्वाचं, ते खर्ड्याच्या लढाईतून दिसतं. ११ मार्च १७९५. मराठी फौजांचं नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे, म्हणजे आपल्या तासगावचे भाऊ. समोर निजामअली. दिवसाची लढाई झाली आणि रात्री निजामाची फौज मागे सरून खर्ड्याच्या छोट्या किल्ल्यात शिरली. तिथं ती कोंडली गेली आणि तहावर आली. कत्तल होऊन हा निकाल लागला नाही. धीर खचला आणि पाणी-रसद तुटली म्हणून लागला. आम्ही हा प्रसंग स्वतः लिहिला. ड्रॉइंग शीटवर नकाशा, जाड पुठ्ठ्याच्या चौकटी, शिंप्याच्या सामानाच्या दुकानातली बटणं. लाल बटण म्हणजे मार, काळं म्हणजे डळमळलेली तुकडी. आठ खेपा दिवसाच्या, दोन रात्रीच्या. रात्रीच्या खेपेत हल्ला नाही, पण प्रत्येक काळ्या बटणाला धीराची कसोटी. जिंकायची अट मारलेल्या तुकड्यांवर नाही. पाण्याच्या वाटा कुणाच्या हाती, त्यावर.

तुम्हीही प्रसंग लिहायला घेतलात तर आधी दोन्ही सेनापतींना काय हवं होतं ते एकेका वाक्यात लिहा. आकडे नंतर. ती दोन वाक्यं जमली नाहीत तर बटणं मांडू नका, परत इतिहास वाचा.

पुढचं पुस्तक घेताना

विकत घ्यायची वेळ येईल. छापील पुस्तक परदेशातून मागवलं तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून किंमत कुठल्या कुठे जाते. आधी पीडीएफ घेऊन खेळून पाहावं, महिनाभर टिकलं तर छापील. घेण्याआधी नमुना पानं मिळतात, त्यातलं कुठलंही एक पान उघडा आणि विचारा: यातलं येत्या शनिवारी काय वापरता येईल? अशी पाच पानं पाहा. तिनांत काही सापडलं तर घ्या. सुंदर चित्रं आणि तीन हजार वर्षांचा कल्पित इतिहास असलेली पुरवणी वाचायला छान असते, टेबलावर मुकी राहते.

मराठीत उतरवणं

केर्नचा मजकूर ज्या परवान्याखाली आहे त्यात भाषांतर करायला आणि ते वाटायला मुभा आहे. मूळ लेखकाचं नाव द्यायचं आणि आपलं भाषांतरही त्याच परवान्याखाली खुलं ठेवायचं. सर्जनशील माणसानं हे काम हाती घ्यावंच, कारण भाषांतर करताना नियम जितका कळतो तितका खेळतानाही कळत नाही. त्या खेळातली ‘एचपी’ ही दोन अक्षरं, म्हणजे वर आलेला बचावाचा आकडा, जीवाची नाहीत, मार चुकवण्याच्या ताकदीची आहेत. ती संपली की खरा घाव बसतो. कुस्तीच्या मातीत वाढलेल्या आपल्या जिल्ह्यात त्याला शब्द तयार आहे: दम. दम संपला की पाठ लागते. ‘आर्मर’ला चिलखत बसलं. ‘सेव्ह’साठी इथं सगळीकडे मी कसोटी म्हटलंय, पण आत्या म्हणते कसोटी शाळेत असते, इथं ‘निभाव’ म्हणावं. माझ्या वहीत सध्या दोन्ही शब्द लिहिलेले आहेत, पेन्सिलीनं.